शेवटच्या डब्याचा दिवा

फावल्या वेळचे उद्योग

आगगाडी स्थानकात शिरू लागली की फलाटावरील साऱ्यांचे डोळे इंजिनाकडे लागतात. मुलांना तर इंजिनाखेरीज दुसरे काही दिसतच नाही. रेल्वेच्या माणसाची दृष्टी मात्र निराळी असते. इंजिन धडधडत पुढे निघून गेले तरी स्टेशनमास्तर गाडीकडे पाहत राहतो, आणि शेवटचा डबा डोळ्यांसमोरून जाईपर्यंत त्याचे काम संपत नाही. त्या डब्याच्या पाठीवर दिवसा ‘एल. व्ही.’ अक्षरांची पाटी आणि रात्री तांबडा दिवा दिसला, म्हणजेच त्याच्या लेखी गाडी आली. एल. व्ही. म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’, शेवटचे वाहन.

छोट्या रुळांवर छोट्या गाड्या चालविण्याचा छंद असणारे आमचे बहुतेक वाचकमित्र या बाबतीत फलाटावरील मुलांच्याच पंक्तीला बसतात. इंजिनावर ते पुष्कळ पैसा आणि त्याहूनही अधिक वेळ खर्च करतात. गाडीची शेपटी मात्र कारखान्यातून आली तशीच राहते. या महिन्यात आपण त्या शेपटीकडे पाहू. अमेरिकी धर्तीच्या मालगाडीच्या शेवटच्या डब्याला लुकलुकणारा दिवा कसा बसवावा, हा आजचा विषय. परंतु हा दिवा तेथे कशासाठी असतो हे कळल्यावाचून तो नीट बसविता येत नाही. म्हणून आधी थोडे त्याविषयी.

रेल्वेमार्गाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असावी, असा नियम असतो. अशा भागाला ‘ब्लॉक’ म्हणतात. गाडी पुढच्या स्थानकात पोहोचली की तेथून मागच्या स्थानकाला ‘मार्ग मोकळा’ असे कळविले जाते, आणि मगच मागची गाडी सुटते. येथेच खरी मेख आहे. इंजिन आले म्हणजे गाडी आली असे होत नाही. दोन डब्यांमधील जोड तुटून चारदोन डबे वाटेतच राहिले असतील, तर इंजिन पाहून ‘मार्ग मोकळा’ म्हणणारा माणूस मागून येणाऱ्या गाडीला थेट त्या डब्यांवर पाठवीत असतो. म्हणून शेवटच्या डब्याला खूण हवी. ती खूण दिसली तर गाडी संपूर्ण आली; न दिसली तर काहीतरी मागे राहिले आहे. ब्रिटनमध्ये तर एखादी गाडी शेपटीच्या दिव्यावाचून केबिनीसमोरून गेली, तर तसे पुढच्या केबिनीस कळविण्यासाठी घंटेचे ९ ठोके ठरलेले होते.

गाडीचे असे दोन तुकडे झाले तर काय घडते, हे १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा या गावाजवळ जगाला दिसले. रविवारच्या धर्मशाळेतील मुलांना व त्यांच्या आईबापांना सहलीला नेणारी एक लांबलचक गाडी चढावर अडकली. इंजिनाला भार ओढवेना, तेव्हा गाडी तोडून पुढचे काही डबे आधी वर न्यावेत असे ठरले. मागचे डबे ब्रेकवर आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांवर उभे होते. ते सुटले, उतारावरून मागे घसरले आणि पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्या मार्गावर तेव्हा गाड्यांमध्ये ब्लॉकचे अंतर नसून केवळ काही मिनिटांचे अंतर ठेवीत असत. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून उतारूंच्या मार्गांवर ब्लॉक पद्धत सक्तीची केली, आणि जोड तुटताच आपोआप लागतील असे ब्रेक उतारूंच्या साऱ्या गाड्यांना लावणे बंधनकारक ठरविले. शेपटीचा दिवा दिसल्यावाचून मार्ग मोकळा म्हणावयाचे नाही, ही शिस्त या पद्धतीचाच भाग आहे. तिच्या कठोरपणामागे कोणती किंमत मोजलेली आहे, हे आर्माच्या कथेवरून ध्यानात यावे.

आता अमेरिकेकडे वळू, कारण आपण ज्या दिव्याची नक्कल करणार आहोत तो तिकडचा. तिकडच्या मालगाडीच्या शेवटी ‘कॅबूज’ नावाचा एक डबा असे. आपल्याकडील गार्डाच्या डब्याचा तो भाऊबंदच. मात्र त्यात शेगडी, झोपण्याच्या फळ्या आणि पुष्कळदा छपरावर काचेच्या खिडक्यांची लहानशी माडी असे. त्या माडीत बसून कंडक्टर आणि ब्रेकमन पुढच्या साऱ्या डब्यांवर नजर ठेवीत. एखाद्या आसाच्या टोकाशी घर्षण होऊन धूर निघू लागला तर तो त्यांना प्रथम दिसे. गाडीच्या शेपटीला केवळ दिवा नव्हता, दोन माणसांचे डोळेही होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटू लागले. आसांना रोलर बेअरिंगे आली, त्यामुळे ती तापण्याचे प्रमाण घटले. तापलेले बेअरिंग ओळखणारी उपकरणे रुळांच्या कडेला बसली. मग मागची माणसे कशाला, असा हिशेब कंपन्यांनी मांडला. फ्लॉरिडा ईस्ट कोस्ट या रेल्वेने १९६९ मध्ये शेवटच्या डब्याला प्रथम असे यंत्र लावले, असे मानले जाते. १९८०नंतरच्या दशकात कामगार संघटनांशी वाटाघाटी होऊन कॅबूज झपाट्याने दिसेनासे झाले. त्यांच्या जागी आली एक पेटी. ती शेवटच्या डब्याच्या कपलिंगवर अडकवितात आणि ब्रेकच्या हवेच्या नळीला जोडतात. नळीतील हवेचा दाब किती आहे हे ती बिनतारी संदेशाने इंजिनातील चालकाला कळवीत राहते, आणि तिच्या माथ्यावरील दिवा लुकलुकत राहतो. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून रेल्वेच्या लोकांनी तिला ‘फ्रेड’ म्हणावयास प्रारंभ केला. माणसाची जागा यंत्राने घेतली आणि यंत्राला माणसाचे नाव मिळाले! त्या थट्टेत किती हसू होते आणि किती कडवटपणा, हे ज्यांची नोकरी गेली त्यांनाच ठाऊक. भारतात मात्र मालगाडीमागील गार्डाचा डबा ही अजून परिचयाची गोष्ट आहे. गार्डाला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ असे नवे पदनाम मिळाले एवढेच.

फ्रेडची कथा येथे संपत नाही. पहिली यंत्रे फक्त मागून पुढे बातमी देत; पुढून मागे आज्ञा घेत नसत. १ फेब्रुवारी १९९६ रोजी कॅलिफोर्नियातील काहोन घाटात एक मालगाडी उतारावर अनावर झाली. चालकाने ब्रेक लावले. पण ब्रेकची नळी वाटेत कोठेतरी अडली असता पुढून दिलेली आज्ञा मागच्या डब्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि त्या दिवशी मागच्या टोकाकडून ब्रेक लागले नाहीत. गाडी रुळांवरून उडाली आणि इंजिनावरील दोघे दगावले. चालकाने कळ दाबताच शेवटच्या डब्याकडूनही हवा सोडून ब्रेक लावील असे दुतर्फा यंत्र १९९७ मध्ये तिकडील रेल्वे प्रशासनाने बहुतेक मालगाड्यांना सक्तीचे केले. पूर्वी कॅबूजमध्ये बसलेला माणूस हाताशी असलेली झडप उघडून हेच काम करू शकत असे.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन असे की, प्रतिकृतीवर दिवा लावण्याआधी आपली छोटी रेल्वे कोणत्या काळातील आहे हे ठरवावे लागते. वाफेच्या इंजिनामागे फ्रेड लावणे म्हणजे पेशव्यांच्या हाती घड्याळ बांधण्यासारखे आहे. गाडी १९७०पूर्वीची असेल तर मागे कॅबूज आणि त्याला न लुकलुकणारे दिवे हवेत. १९९० नंतरची असेल तर फ्रेड हवा. मधल्या काळात दोन्ही चालतील. भारतीय धर्तीची गाडी असेल तर गार्डाचा डबा, एल. व्ही.ची पाटी आणि तांबडा दिवा.

हा छंद आपल्या लोकांस अगदीच अपरिचित नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर रूळ टाकलेले असून त्यांवरून चांदीची गाडी पाहुण्यांसमोर मद्य आणि चिरूट घेऊन फिरत असे. आमच्या ग्वाल्हेरकर वाचकांनी ती पाहिलेली असेलच. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. राजाच्या मेजावरील गाडीला मागून कोणी धडकण्याची भीती नव्हती. आपण मात्र खऱ्या रेल्वेची नक्कल करतो, तेव्हा तिचे नियमही घ्यावेत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. ‘एच-ओ’ हे सर्वाधिक प्रचलित माप घेऊ. त्यात प्रतिकृती मूळ वस्तूच्या ८७व्या हिश्शाची असते आणि रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. बाजारात सहज मिळणारा ३ मिलिमीटरचा एल.ई.डी. दिवा या डब्याला लावण्याचा मोह आवरावा. ३ला ८७ने गुणले तर २६१ मिलिमीटर होतात. म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा दिवा गाडीमागे टांगल्यासारखे होईल. त्याऐवजी ‘०६०३’ या मापाचा तांबडा एल.ई.डी. घ्यावा. तो १.६ मिलिमीटर लांब व ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि पेटीच्या प्रतिकृतीत बेमालूम बसतो.

लुकलुकण्याची गतीही मनाला येईल तशी ठेवावयाची नाही. अमेरिकी नियमानुसार अशा दिव्याचे दोन लुकलुकाट ०.७ सेकंदाहून जवळ आणि १.३ सेकंदांहून दूर असू नयेत. म्हणजे सेकंदाला सुमारे एक. बाजारातील ‘आपोआप लुकलुकणारे’ दिवे पुष्कळदा याहून घाई करतात, आणि मग मालगाडी लग्नाच्या मांडवासारखी दिसू लागते. आपला संथ ठोका आपणच तयार करावा, हे उत्तम.

त्यासाठी ५५५ हा टायमर वापरू. हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ मध्ये त्याची रचना केली आणि १९७२ पासून तो बाजारात आहे. अर्धशतक उलटून गेले तरी त्याची उपयुक्तता कमी झालेली नाही. (जुन्या पुस्तकांत याच कामासाठी ‘एल.एम. ३९०९’ सुचविलेला आढळेल. त्याचे उत्पादन बंद झालेले आहे. तो शोधीत बसू नये.) मात्र साधा ५५५ न घेता ‘७५५५’ या क्रमांकाचा, सी-मॉस जातीचा घ्यावा. साध्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि तो स्वतःच कित्येक मिलिअँपिअर वीज खातो. ७५५५ हा २ व्होल्टपासून चालतो आणि त्याची स्वतःची भूक मिलिअँपिअरच्या दशांशाच्या आत असते.

जोडणी पुढीलप्रमाणे करावी. टायमरचे ८ व ४ क्रमांकाचे पाय विजेच्या धन टोकाला, १ क्रमांकाचा पाय ऋण टोकाला. २ व ६ हे पाय एकमेकांना जोडून त्यांपासून ऋण टोकापर्यंत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याची दिशा चुकवू नये. धन टोकापासून ७ क्रमांकाच्या पायापर्यंत १२० किलोओहमचा रेझिस्टर, आणि ७पासून ६पर्यंत १० किलोओहमचा. आता दिवा. तो नेहमीप्रमाणे ३ क्रमांकाचा पाय आणि ऋण टोक यांच्यामध्ये न लावता, धन टोक आणि ३ क्रमांकाचा पाय यांच्यामध्ये लावावा. त्याच्याबरोबर एका ओळीत ३३० ओहमचा रेझिस्टर असावा.

दिवा असा उलटा लावण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कपॅसिटर दोन्ही रेझिस्टरांतून भरतो, त्याला सुमारे ०.९ सेकंद लागतात. रिकामा मात्र एकाच लहान रेझिस्टरातून होतो, त्याला सुमारे ०.०७ सेकंद पुरतात. आपल्या जोडणीत दिवा फक्त या रिकामे होण्याच्या काळात लागतो. त्यामुळे क्षणभर चमक आणि मग दीर्घ काळोख, असा खऱ्या फ्रेडसारखा परिणाम साधतो, आणि विजेचीही बचत होते. २०३२ क्रमांकाची ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी या जोडणीला अखंड चालविली तरी सुमारे महिनाभर पुरावी. डब्याच्या तळाशी एक बारीक सरकती कळ बसविली, म्हणजे खेळ संपल्यावर दिवा बंद करता येतो.

बॅटरी की रुळांतील वीज, हा प्रश्न येथे उपस्थित होईल. ज्यांची रेल्वे जुन्या पद्धतीची आहे, म्हणजे रुळांतील व्होल्ट कमीजास्त करून गाडीचा वेग बदलतात, त्यांनी बॅटरीच घ्यावी. अशा मार्गावर गाडी थांबली की रुळांतील वीज जाते आणि दिवा विझतो. आणि मार्गावर उभ्या राहिलेल्या गाडीलाच तर शेपटीच्या दिव्याची सर्वांत अधिक गरज! ज्यांची रेल्वे ‘डी.सी.सी.’ पद्धतीची आहे त्यांच्या रुळांत वीज सदैव असते, त्यांनी ती घ्यावी. डब्याला धातूची चाके बसवून पुढच्या चाकगाड्याने एका रुळावरून आणि मागच्याने दुसऱ्या रुळावरून वीज उचलावी. पातळ फॉस्फर-ब्राँझची पट्टी आसाला हलकेच टेकली पाहिजे. घट्ट टेकली तर ती ब्रेकचे काम करील. उचललेली वीज ‘१-एन-४१४८’ जातीच्या चार डायोडांच्या पुलातून न्यावी, पुढे ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर आणि ‘७८-एल-०५’ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर लावावा. या वेळी दिव्याबरोबरचा रेझिस्टर १ किलोओहमचा हवा. मोठ्या कपॅसिटरमुळे रूळ मळलेले असले तरी अर्धा सेकंद वीज टिकते आणि ठोका चुकत नाही.

कारागिरीच्या चार सूचना. एल.ई.डी.ला तारा डब्याबाहेरच, लाकडी फळीवर चिकटपट्टीने दिवा धरून सोल्डर कराव्यात. डब्यात बसवून करू गेल्यास उष्णतेने प्लॅस्टिक वितळते. तार एनॅमल चढविलेली, केसासारखी बारीक घ्यावी आणि कपलिंगच्या कडेने आत न्यावी. दिव्याच्या मागील व बाजूंच्या अंगाला काळा रंग द्यावा, नाहीतर सारा डबा कंदिलासारखा उजळतो. शेवटी, सारे डब्यात कोंबण्याआधी टेबलावर तासभर चालवून पाहावे.

रुळांवरून वीज घेणाऱ्या डब्याचा आणखी एक लाभ आहे. पुष्कळ हौशी मंडळी आपल्या मार्गाचे ब्लॉक पाडून, कोणत्या भागातून वीज ओढली जात आहे यावरून गाडी कोठे आहे हे ओळखणारी उपकरणे बसवितात. इंजिन वीज ओढते म्हणून ते ओळखले जाते. मागचे साधे डबे वीज ओढीत नाहीत, म्हणून ते त्या उपकरणाला दिसतच नाहीत. इंजिन पुढच्या भागात गेले की मागचा भाग मोकळा दाखविला जातो, मग त्यात वीस डबे उभे का असेनात. आपला दिव्याचा डबा चारेक मिलिअँपिअर ओढतो. चांगल्या उपकरणाला एवढे पुरते. बॅटरीवाल्यांनी शेवटच्या डब्याच्या आसावर दोन्ही चाकांमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. रुळांत वीज असेल तेव्हा तोही हे काम करतो. अशा रीतीने छोट्या गाडीचा शेवटचा डबा नकलेपुरता न राहता खऱ्या डब्याचेच काम करू लागतो.

दिवा तयार झाला की घरातील मुलांना बरोबर घेऊन एक नियम ठरवावा. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने स्टेशनमास्तर व्हावे. शेवटचा दिवा प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्यावाचून स्टेशनमास्तराने ‘मार्ग मोकळा’ म्हणावयाचे नाही; चालकाने कितीही घाई केली तरी नाही. मग कधीतरी त्यांच्या नकळत बोगद्यात दोन डबे सोडून द्यावेत. इंजिन दिमाखात स्थानकात येईल आणि मूल सवयीने तोंड उघडील. त्या क्षणी ते थांबले आणि ‘दिवा दिसला नाही’ असे म्हणाले, तर आर्माच्या मुलांच्या मरणातून रेल्वे जे शिकली ते त्याला न सांगता उमगले असे समजावे. न थांबले, तर मागची गाडी हळूच बोगद्यात जाऊ द्यावी. ठोकर लहानशीच असते, डबे पुन्हा रुळांवर ठेवता येतात. आणि पुढच्या वेळी ते मूल इंजिनाकडे पाहत नाही.

पुढील अंकी बोगद्याच्या तोंडाचे दगडी बांधकाम कागदाच्या लगद्यापासून कसे करावे, ते पाहू.